पाठ टेकण्याची विद्या : श्रमिकांसाठी शिथिलीकरणाचा योग

"दिवसभर पाठ टेकायला फुरसत मिळाली नाही," हे वाक्य आपल्या खेड्यापाड्यांत इतक्या सहजपणे बोलले जाते की, त्यातील गाऱ्हाणे कोणाच्या ध्यानी येत नाही. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील भोकरदन तालुका मिरचीच्या पिकासाठी ओळखला जातो. या तालुक्यातील धावडा आणि त्याच्या आसपासच्या गावांच्या शिवारात मिरचीची तोडणी किंवा कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे स्त्री-पुरुष मजुरांना तासन् तास कमरेत वाकून काम करावे लागते. सायंकाळी पुरुष पारावर टेकतो. स्त्री मात्र शेतातून येते ती थेट चुलीपाशी. रात्री उशिरा अंथरुणावर अंग टाकले तरी कंबर ठणकत राहते, डोक्यात उद्याच्या रोजगाराचा आणि देण्याघेण्याचा हिशेब चालू असतो. शरीर आडवे होते. पण विश्रांती मिळतेच असे नाही.

खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांची स्थिती निराळी दिसली तरी तिचे मूळ तेच आहे. मार्चअखेरचे हिशेब, निवडणुकीची कामे, परीक्षा, सर्वेक्षणे, बैठका यांत गुंतलेला ग्रामसेवक, तलाठी किंवा शिक्षक अंगाने फारसा राबत नाही. परंतु त्याचे खांदे व मान दिवसभर ताठरलेली असतात. थकव्यावर उपाय म्हणून दोघेही बहुधा चहा, तंबाखू किंवा वेदनाशामक गोळी यांकडे वळतात. चहाने तरतरी येते, विसावा मिळत नाही. तंबाखूचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तदाब वाढू शकतो व मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते, याची जाणीव मात्र अद्याप पुरेशी झालेली नाही.

विश्रांती ही आपोआप घडणारी गोष्ट नसून ती शिकावी लागते आणि शिकवताही येते, हा योगशास्त्राचा अनुभव आहे. या विद्येचा आधुनिक अभ्यास फार मोठ्या प्रमाणात महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

विश्रांती म्हणजे आळस नव्हे

आपल्या समाजात कष्टाला प्रतिष्ठा आहे आणि ती असावयासही हवी. परंतु तिची दुसरी बाजू अशी की, दिवसा घटकाभर आडवे होणाऱ्याला, त्यातही स्त्रीला, आळशी ठरविले जाते. शेतकरी बैलांना दुपारी औतावरून सोडतो, सावलीत बांधतो, पाणी दाखवतो. कारण न विसावलेला बैल दुसऱ्या दिवशी ओढणार नाही, हे त्याला ठाऊक असते. हा व्यवहारी विचार माणसाच्या बाबतीत मात्र आपण सहसा करीत नाही.

योगाच्या परंपरेने विश्रांतीला साधनेचे स्थान दिलेले आहे. सुमारे पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या 'हठप्रदीपिका' या ग्रंथात इतर आसनांबरोबर शवासनाचाही समावेश आहे आणि त्याने थकवा जाऊन मन निवांत होते असे त्यात सांगितले आहे. म्हणजेच निश्चल पडून राहणे हे इतर आसनांइतकेच विचारपूर्वक करावयाचे आसन होय. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी गावोगावच्या शाळांतून आसने केली जातात. परंतु अखेरचे शवासन बहुधा एक-दोन मिनिटांत उरकले जाते. वास्तविक श्रमिकाला ज्याची सर्वांत अधिक गरज आहे, तो भाग हाच होय.

ताण शरीरात काय करतो

संकट समोर आले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत दाखवून दिले. अशा वेळी अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू आवळले जातात आणि पचनाचे काम मंदावते. साप दिसल्यावर ही तयारी उपयोगाची असते. परंतु सावकाराचा तगादा, लांबलेला पाऊस, पडलेले भाव किंवा वरिष्ठांचे स्मरणपत्र यांपुढे ना लढता येते ना पळता येते. तयारी तशीच राहते आणि दिवसामागून दिवस शरीर आवळलेल्या अवस्थेत काम करीत राहते. दीर्घकाळ टिकणाऱ्या अशा ताणाचे शरीरावर होणारे परिणाम हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून आपल्या संशोधनातून मांडले.

या यंत्रणेला तोल देणारी दुसरी यंत्रणाही शरीरातच आहे. तिला परानुकंपी मज्जासंस्था म्हणतात. ती हृदयाची गती कमी करते, पचनाला चालना देते व शरीराची झीज भरून काढण्यास अनुकूल स्थिती निर्माण करते. तिला थेट हुकूम देता येत नाही. परंतु तिला जागे करण्याचे काही मार्ग आपल्या हाती आहेत. श्वास संथ झाला आणि उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. स्नायूंना खालून पुरेसा आधार मिळाला की त्यांना शरीर तोलून धरण्याचे काम उरत नाही व ते सैल पडतात. मन एखाद्या साध्या संवेदनेवर, उदाहरणार्थ नाकपुड्यांतून जाणाऱ्या हवेच्या स्पर्शावर, स्थिरावले की विचारांची धावपळ थोडी ओसरते. आधार, संथ श्वास आणि अवधान या तीन गोष्टी एकत्र आणणे, हेच शिथिलीकरणाच्या योगाचे सार होय.

लोणावळा आणि पुणे

योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचे काम स्वामी कुवलयानंद यांनी आरंभिले. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्य करीत असता ते योगाभ्यासाकडे ओढले गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. 'योगमीमांसा' हे संशोधनविषयक नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झाले. महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीच्या संदर्भात कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला होता. योगाचे दावे तपासून पाहावेत, जे टिकेल ते लोकांपुढे मांडावे, हा या संस्थेचा दृष्टिकोन होता.

दुसरा प्रवाह पुण्याचा. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ मध्ये कर्नाटकातील बेल्लूर येथे झाला. बालपणी आजारांनी जर्जर झालेला हा तरुण १९३७ मध्ये योग शिकविण्यासाठी पुण्यास आला आणि पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९७५ मध्ये शिवाजीनगर येथे रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली. आजारी, वृद्ध व अशक्त माणसांनाही आसनांचा लाभ व्हावा यासाठी त्यांनी लोड, घड्या घातलेली कांबळी, खुर्ची, लाकडी ठोकळे, दोर व पट्टे यांचा पद्धतशीर उपयोग केला. शरीराला आसनात ताणून बसविण्याऐवजी आसनच आधार देऊन शरीरापर्यंत आणावे, अशी ही कल्पना होती. १९७९ मध्ये अपघातात दुखापत झाल्यावर त्यांना स्वतःचा सराव पूर्वपदावर आणण्यासाठीही या साधनांची मदत झाली. २०१४ मध्ये त्यांचे पुणे येथे निधन झाले.

पाश्चात्त्य देशांत आज 'रेस्टोरेटिव्ह योग' या नावाने जी विश्रांतीची पद्धत लोकप्रिय आहे, तिचा उगम मुख्यतः अय्यंगार यांच्या या आधारयुक्त आसनांत आहे. त्यांच्या अमेरिकन शिष्या ज्युडिथ लासाटर यांनी १९९५ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहून ती पद्धत तेथे रुजविली. परदेशात या पद्धतीसाठी महागडी उपकरणे विकली जातात. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मात्र आपल्या बैठकीतील लोड-तक्के आणि घरातील वाकळ यांच्यापेक्षा फार वेगळे नाही.

मुंबईतील एक प्रयोग

शवासनाने खरोखर काही फरक पडतो काय, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबईतून मिळाले. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्यांचे निरीक्षण केले. हा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाने रोज सुमारे ३० मिनिटे उताणे निजून श्वासपटलाच्या साह्याने संथ श्वसन करावयाचे आणि नाकपुड्यांतील हवेच्या स्पर्शाकडे लक्ष ठेवावयाचे, अशी ही रीत होती. ती नीट साधण्यास साधारणतः तीन आठवडे लागत. औषधे न घेणाऱ्या १० रुग्णांच्या गटात सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ मिलिमीटरपर्यंत उतरला. येथे सरासरी म्हणजे वरचा व खालचा दाब मिळून काढलेली संख्या होय. औषधांनी दाब आटोक्यात असलेल्या २२ रुग्णांपैकी १३ जणांच्या औषधाची मात्रा वैद्यकीय देखरेखीखाली बरीच कमी करता आली.

पुढे इंग्लंडमधील क्रॉयडन येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७५ मध्ये ३४ रुग्णांचे दोन गट करून तुलना केली. शिथिलीकरण व जैवप्रतिसाद यांचे शिक्षण घेतलेल्या गटाचा सरासरी दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला. तसे शिक्षण न मिळालेल्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर आला. हे दोन्ही अभ्यास लहान होते, हे विसरता कामा नये. त्यांवरून शवासनाने उच्च रक्तदाब बरा होतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मात्र नियमित व नीट शिकलेली विश्रांती औषधोपचाराला साह्यकारी ठरू शकते, असे म्हणण्यास त्यांनी आधार दिला आहे.

घरातील साधनांनी विश्रांती

या अभ्यासासाठी वेगळी खोली किंवा खर्चाची साधने लागत नाहीत. एक सतरंजी किंवा घोंगडी, दोन गोधड्या, एक लोड किंवा घट्ट गुंडाळलेली वळकटी, एक बाज अथवा खुर्ची आणि अंगावर घेण्यास चादर एवढे पुरे. जेवणानंतर लगेच अभ्यास करू नये. सायंकाळी हातपाय धुतल्यावर, रात्रीच्या जेवणापूर्वीची वेळ सोयीची. शरीर स्थिर राहिले की ते थोडे थंड पडते, म्हणून गार फरशीवर किंवा वाऱ्याच्या झोतात निजू नये.

पहिली स्थिती वाकून काम करणाऱ्यांसाठी आहे. जमिनीवर उताणे निजून गुडघ्यांखालील पाय बाजेवर किंवा खुर्चीच्या बैठकीवर ठेवावेत. डोक्याखाली घडी केलेली गोधडी घ्यावी. या स्थितीत कमरेचा खालचा भाग जमिनीवर सपाट टेकतो आणि दिवसभर ताणलेल्या पाठीच्या स्नायूंना मोकळीक मिळते. पाच ते दहा मिनिटे पुरेत.

दुसरी स्थिती खुर्चीवर काम करणाऱ्यांना उपयुक्त आहे. लोड किंवा वळकटी पाठीच्या कण्याच्या रेषेत ठेवून तिच्यावर कमरेपासून डोक्यापर्यंतचा भाग टेकवावा, डोके थोडे उंच राहील असे पाहावे, तळवे एकमेकांना लावून गुडघे दोन्ही बाजूंना सोडावेत आणि त्यांच्याखाली घड्या ठेवाव्यात. यास सुप्तबद्धकोनासन म्हणतात. पुढे झुकून आक्रसलेली छाती यात अलगद उघडते.

तिसरी स्थिती मकरासनाची. पालथे निजून हात दुमडावेत, त्यांवर कपाळ किंवा गाल टेकवावा, पाय अंतरावर सैल सोडावेत. या स्थितीत पोट जमिनीला टेकलेले असल्यामुळे श्वासागणिक त्याची हालचाल स्पष्ट जाणवते; नवशिक्यास पोटाने श्वास घेणे म्हणजे काय, हे येथे चटकन कळते.

शेवटी शवासन. डोक्याखाली पातळ घडी, गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी, डोळ्यांवर पंचा, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर. पायांच्या बोटांपासून आरंभ करून एकेक अवयव सैल सोडीत कपाळापर्यंत यावे. जबडा, जीभ व भुवया सैल झाल्या की नाही हे विशेषेकरून पाहावे. श्वास ओढूनताणून घेऊ नये. उच्छ्वास किंचित लांबवावा एवढेच. मन भटकले तर स्वतःवर न चिडता त्याला पुन्हा श्वासाच्या स्पर्शाकडे आणावे. प्रारंभी दहा मिनिटे, मग हळूहळू वीस ते तीस मिनिटे असा क्रम ठेवावा. उठताना प्रथम कुशीवर वळावे, क्षणभर थांबावे आणि हाताचा आधार घेऊन सावकाश बसावे. एकदम उठल्यास चक्कर येण्याचा संभव असतो.

झोप लागली तर ती चूक नव्हे. शरीराला तिची गरज होती एवढाच तिचा अर्थ. तथापि अभ्यासाचा हेतू जागेपणीच स्नायू व मन सैल सोडण्यास शिकणे हा आहे. हे एकदा साधले की शेताच्या बांधावर किंवा कार्यालयातील खुर्चीवरही दोन मिनिटांत त्याची उजळणी करता येते.

कोणी काळजी घ्यावी

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार यांची औषधे योगाभ्यास सुरू केला म्हणून कोणीही परस्पर बंद करू नयेत. मात्रा कमी करण्याचा निर्णय केवळ डॉक्टरांचा. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे न निजता डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घेऊन विसावावे. आडवे होताच ज्यांना धाप लागते, छातीत दुखते किंवा पाठदुखीबरोबर पायात बधिरता येते, त्यांनी प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. काही व्यक्तींना डोळे मिटून निश्चल राहिल्यावर अस्वस्थ वाटते. त्यांनी डोळे उघडे ठेवून, भिंतीला टेकून बसावे व थोडाच वेळ अभ्यास करावा.

गावपातळीवर काय करता येईल

धावड्यासारख्या गावात हा उपक्रम सुरू करण्यास वेगळ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा शाळेची एखादी खोली सायंकाळी अर्धा तास उपलब्ध करून द्यावी. महिला बचत गटाच्या बैठकीला जोडून पंधरा मिनिटांचे शिथिलीकरण ठेवल्यास स्त्रियांना त्यासाठी घरातून वेगळी परवानगी मागावी लागणार नाही. ही बाब लहान वाटते. परंतु ज्या स्त्रीला घरी पाठ टेकताना संकोच वाटतो, तिला चारचौघींबरोबर ती टेकण्याचा अधिकार यामुळे मिळतो.

शिक्षकांनी शारीरिक शिक्षणाच्या तासाची शेवटची पाच मिनिटे शवासनासाठी राखून ठेवावीत. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना बाकावर हातांची घडी घालून त्यावर डोके टेकवण्यास व दहा संथ श्वास मोजण्यास शिकवावे. मूल घरी गेल्यावर आईला, आजीला ते करून दाखवते, हा शाळेतून पोहोचलेल्या अनेक आरोग्यविषयक सवयींचा अनुभव आहे.

आयुष्मान भारत योजनेखाली उभारलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या कार्यक्रमात योगाचाही समावेश आहे. उपक्रमात भाग घेणाऱ्यांचा रक्तदाब आरंभी व तीन महिन्यांनी मोजून वहीत नोंदविण्याची विनंती गावाने तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांना करावी. त्यातून दोन लाभ होतील. उच्च रक्तदाबाची बहुधा कोणतीच लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे ज्यांना आपला दाब वाढल्याचे ठाऊकच नाही, असे लोक वेळीच उपचाराखाली येतील. दुसरे म्हणजे, उपक्रमाचा उपयोग होतो की नाही हे ऐकीव गोष्टींवर न सोडता गावाला स्वतः पाहता येईल.

मर्यादेचे भान

पावसाने दगा दिला, भाव कोसळले किंवा कर्ज थकले तर त्यातून येणारी चिंता ही केवळ आवळलेल्या स्नायूंची बाब नसते. तिचे उत्तर पीकविमा, पाणी, रोजगार, कर्जाची फेररचना यांतच शोधावे लागेल. विश्रांतीचा उपदेश हा या उत्तरांना पर्याय म्हणून कधीही पुढे करू नये. एखादी व्यक्ती सतत उदास राहते, बोलेनाशी होते, झोप व जेवण सोडते किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागते, तेव्हा तिला आसने सांगत न बसता तिच्यासोबत थांबावे आणि तज्ज्ञांची मदत मिळवून द्यावी. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायत कार्यालयात, शाळेत व रेशन दुकानावर ठळकपणे लावलेला असावा.

या मर्यादेत राहूनही शिथिलीकरणाचे मोल कमी होत नाही. चिंतेचे कारण उद्याही राहणार असेल, तर तिला तोंड देण्यासाठी आज रात्री शरीर सावरलेले असणे आवश्यक आहे. लोणावळा, मुंबई व पुणे येथे अभ्यासली गेलेली ही विद्या मिरचीच्या शेतातून परतणाऱ्या स्त्रीपर्यंत पोहोचविण्यास एक सतरंजी, एक गोधडी आणि अर्ध्या तासाची फुरसत लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक घरात आहेत. तिसरी मिळवून देणे हे त्या घरातील माणसांच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हाती आहे.